टॅरो शिकायचंय? आधी टॅरोची हवा काढणारं पुस्तक वाचा

"ताई, टॅरो शिकायचंय, एखादं सोपं पुस्तक सांगा ना." (टॅरो म्हणजे भविष्य बघायला वापरतात ते ७८ चित्रांचे पत्ते.) असा मेसेज आला की मी जे पहिलं नाव सांगते ते ऐकून बरेच जण पुन्हा काही विचारतच नाहीत.

ते नाव मायकेल डमेट. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ, तर्कशास्त्रातला दादा माणूस आणि पत्त्यांच्या खेळांचा वेडा अभ्यासक. १९८० साली त्यांचं 'द गेम ऑफ टॅरो' आलं. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत टॅरो हा चक्क हात करायचा खेळ होता, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडलं. आपण ज्यांना गूढ मेजर अर्काना म्हणतो त्या २२ पत्त्यांतले २१ म्हणजे खेळातले हुकूम आणि उरलेला एक 'फूल' (Fool), म्हणजे मूर्ख. इजिप्तच्या पुजाऱ्यांनी ज्ञान पत्त्यांत लपवलं वगैरे कथा १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलॅं यांनी छापली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती! शांपोलियनने ती उलगडली १८२२ मध्ये. तरी आपल्या मुंबईतल्या वीकेंड कोर्सेसमध्ये आजही भरपूर फी घेऊन हीच कथा ऐकवतात, वर सर्टिफिकेट.

डमेट जाडजूड आहे आणि सहज मिळत नाही. त्यांनीच डेकर आणि डेपोलिस यांच्याबरोबर लिहिलेलं 'अ विकेड पॅक ऑफ कार्ड्स' (१९९६) मिळालं तरी पुरे.

आपल्याला हे पटायला जड जाऊ नये. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहिलीये ना? दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, असे १२० गोल पत्ते. पत्त्यावर नरसिंह रंगवला म्हणून तो पत्ता भविष्य सांगतो असं त्यावरून ठरत नाही. तिकडच्या लोकांनी खेळायच्या पत्त्यांवर पोप आणि मृत्यू रंगवले, एवढंच.

मग वाचायचं कशाला? चित्रांसाठी. आणि त्यासाठी माझं सगळ्यात लाडकं पुस्तक रेचल पोलॅकचं 'सेव्हंटी-एट डिग्रीज ऑफ विझडम'. आधी १९८० आणि १९८३ मध्ये दोन भागांत आलं, आता एकत्र मिळतं. पोलॅक विज्ञानकथा आणि कॉमिक्सही लिहायच्या, त्यामुळे भाषा कोरडी नाही. फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे पाच नाण्यांचा पत्ता घ्या. गुगल म्हणतं 'पैशांची चणचण', विषय संपला. चित्र बघा: बर्फात दोन गरीब माणसं, एक कुबड्या घेतलेला, वर चर्चची उजळलेली खिडकी. आणि दार? दार चित्रात कुठेच नाही. त्यांना दिसत नाहीये, की ठेवलेलंच नाही? समोर बसलेल्या माणसाशी तासभर बोलता येईल एवढं त्या एका पत्त्यात आहे. असं चित्रापाशी थांबायला पोलॅक शिकवतात. अर्थांच्या याद्या पाठ करणं म्हणजे गाइड वाचून कवितेचा पेपर देणं.

ही चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथने, १९०९ मध्ये. तोवरच्या बहुतेक संचांत सहा तलवारी म्हणजे नुसत्या सहा तलवारी असायच्या. तिने त्यांना होडी दिली, नावाडी दिला, आई आणि मूल दिलं. काम प्रचंड, पैसे अगदी थोडे, असं तिनेच तेव्हा पत्रात लिहिलंय. आणि संचाला नाव कुणाचं? प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांचं. (नेहमीचंच!)

त्या वेटसाहेबांचं 'द पिक्टोरियल की टू द टॅरो' स्वस्तात मिळतं म्हणून सगळे त्यानेच सुरुवात करतात. माझ्या मते ते शेवटी वाचावं. लेखक भविष्य बघणाऱ्यांवर नाक मुरडतो आणि मायनर अर्कानाचे (म्हणजे उरलेल्या ५६ पत्त्यांचे) अर्थ दोन-चार ओळींत उरकतो.

मेरी ग्रीअरचं 'टॅरो फॉर युअरसेल्फ' (१९८४) वही-पेन घेऊन करायचं पुस्तक आहे. जन्मतारखेवरून पत्ता काढायचा भाग मी सोडून देते, ज्यांना अंकज्योतिष आवडतं त्यांनी करावा. गूढविद्यावाल्या अलिस्टर क्रोलीचं 'बुक ऑफ थॉथ', म्हणजे त्याच्या थॉथ संचावरचं पुस्तक, पहिल्या वर्षी नकोच. त्या संचाची चित्रकार लेडी फ्रीडा हॅरिस मात्र जरूर शोधा, बाई शेवटी भारतात राहिल्या आणि श्रीनगरला वारल्या.

पैसे नसतील तर जोन बनिंगचा कोर्स नेटवर फुकट आहे. किंग्ज सर्कलच्या आणि फोर्टच्या फुटपाथवरही नजर ठेवा. पहिला संच भेटच मिळावा लागतो वगैरे काही नाही, स्वतःच्या पैशांनी घ्या. फक्त आत स्मिथचीच चित्रं आहेत ना ते बघा. पऱ्या आणि मांजरीवाले संच नंतर.