‘कॅचरने उभे राहायचे तरी कुठे?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना खेळाडू’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकमित्रास सप्रेम नमस्कार.

‘बॉल हातात नाही, तर वाट सोडा’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॉफ्टबॉल हा बेसबॉलसारखा खेळ; त्यात रनर, म्हणजे धावणारी खेळाडू, बेस नावाच्या ठाण्यांवरून पळत होम प्लेट या शेवटच्या ठाण्यावर पोहोचते. त्यात फिल्डरच्या (क्षेत्ररक्षकाच्या) हातात बॉल नसताना आणि ती फटकावलेला बॉल अडवण्याच्या प्रयत्नात नसताना तिच्यामुळे रनरची वाट अडली, तर ते ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे फिल्डरने आणलेला अडथळा, ठरते, असे मी लिहिले होते. त्यावर आपण लिहिता की ही ‘नियमपुस्तकाची पोपटपंची’ आहे; ‘थ्रो येत असताना कॅचरने उभे राहायचे तरी कुठे, हवेत?’ (कॅचर म्हणजे होम प्लेटपाशी बॉल झेलणारी फिल्डर); बेसबॉलमध्ये कॅचर प्लेट अडवतोच; शालेय सामन्यांना दोनच पंच असतात, त्यांना हे सगळे दिसणार कसे; आणि पंचाचा इशारा मी उजव्या हाताचा लिहिला, तो डाव्या हाताचा असतो.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो बरोबर आहे. ऑब्स्ट्रक्शन दिसताच पंच डावा हात बाजूला आडवा करून मूठ वळतो आणि खेळ मात्र चालू राहू देतो. समोर उभे राहून पाहणाऱ्याला तो हात आपल्या उजवीकडे दिसतो, हे कारण मी पुढे करणार नाही. चूक माझी आहे आणि ती दाखवल्याबद्दल आपले आभार मानतो.

आता ‘पोपटपंची’. हा शब्द आपण सहज लिहून गेला असाल, पण ज्याला लिहिला त्याने तो सहज घ्यावा, अशी अपेक्षा करू नये. मी १९ वर्षे शाळकरी मुलामुलींचे सामने पंच म्हणून पाहिले आहेत, आणि त्याआधी कॉलेजच्या संघात चार वर्षे कॅचर होतो. माझ्या उजव्या हाताची करंगळी आजही सरळ होत नाही, ती नियमपुस्तकाची पाने उलटताना वाकडी झालेली नाही. मतभेद असावेत, ते जरूर लिहावेत. परंतु समोरचा माणूस कधी मैदानात उतरलाच नसेल असे गृहीत धरून, तेही स्वतःचे नाव न देता, लिहिणे मला सभ्यपणाचे वाटत नाही. नियम सांगणारा तो पोपट आणि नियम न वाचता ओरडणारा तो अनुभवी, अशी वाटणी आपल्याकडच्या मैदानांवर फार जुनी आहे. निर्णय विरुद्ध गेला की प्रशिक्षक जे बोलतात ते ऐकायची मला सवय आहे. लिखाणात तरी थोडे बरे ऐकायला मिळेल, असे वाटले होते.

असो. कॅचरने उभे राहायचे कुठे, तर हवेत नाही, जमिनीवरच. प्लेटच्या पुढे, मैदानाच्या आतल्या बाजूला, तिसऱ्या बेसकडून येणाऱ्या रनरला प्लेटचा काही भाग मोकळा दिसेल असे. बॉल हातमोज्यात आला की मग तिने खुशाल रनरच्या वाटेत यावे, गुडघा टेकावा, टॅग करावा, म्हणजे बॉलसह रनरला स्पर्श करून तिला बाद करावे. त्या क्षणापासून वाट तिची आहे. बॉल येतो आहे आणि बॉल आला आहे या दोन वाक्यांतला फरक आपल्याला क्षुल्लक वाटतो, पण नियम नेमका त्याच फरकावर उभा आहे. पूर्वीच्या नियमांत ‘बॉल घेण्याच्या बेतात असलेल्या’ फिल्डरला सवलत होती, हे मला ठाऊक आहे, आणि तुम्ही ज्या काळात खेळलात त्या काळात तुम्ही ती घेतली असेल तर त्यात तुमचा दोष नाही. परंतु ‘बेतात’ म्हणजे किती अंतरावर, हे कोणालाच ठरवता येत नव्हते. एक पंच बॉल दहा फुटांवर असताना सवलत देई, तर दुसरा तो आउटफिल्डरच्या, म्हणजे लांबच्या फिल्डरच्या, हातातून सुटल्याबरोबर. म्हणूनच २००० नंतरच्या पहिल्या दशकात अमेरिकेतल्या नियमपुस्तकांतून ते शब्द निघाले, आणि आज आंतरराष्ट्रीय नियमही फेकलेल्या बॉलची वाट पाहणाऱ्या फिल्डरला कोणतेही संरक्षण देत नाहीत. संरक्षण आहे ते फटकावलेला बॉल अडवणाऱ्या फिल्डरला. तिथे रनरने वळसा घालायचा असतो. नाही घातला तर तो इंटरफिअरन्स, म्हणजे रनरने फिल्डरला आणलेला अडथळा; बॉल त्याच क्षणी मृत, म्हणजे खेळ थांबला, आणि रनर बाद, मग तिने मुद्दाम केलेले असो वा नसो. तुमच्या प्रतिक्रियेत हे दोन प्रसंग एकमेकांत मिसळले आहेत, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे.

‘असे केले तर होम प्लेट दान केल्यासारखे होईल’, असेही आपण त्याच वाक्याला जोडून लिहिले आहे. दान कुठेच नाही. तिसऱ्या बेसवरून निघालेल्या रनरला अडवले गेले आणि मग तिला टॅग झाला, तर तिला त्या दोन बेसच्या दरम्यान बाद देता येत नाही, इतकेच. अडथळा नसता तर ती होमपर्यंत पोहोचली असती असे पंचाला वाटले, तर होम. नाही वाटले, तर तिने मुकाट्याने तिसऱ्या बेसवर परत जायचे. त्यातही तिने स्वतः इंटरफिअरन्स केला किंवा बेस चुकवला, तर हे कवच उरत नाही. दोन बेसमध्ये १८.२९ मीटर अंतर असते. सतरा वर्षांची चपळ मुलगी ते तीन सेकंदांच्या आसपास कापते, आणि त्यातले एक पाऊल जरी तिला आखडावे लागले तरी सेफची आऊट होते. धक्का लागलाच पाहिजे असे नियम म्हणत नाही. ती थबकली, वळली, तरी पुरे. बॉल नसताना टॅग केल्याचा नुसता अभिनय करणे हेसुद्धा त्याच कलमात येते, आणि आपल्याकडे तर त्याचे चातुर्य म्हणून कौतुक होते.

मी स्वतः काय केले आहे तेही सांगतो, म्हणजे ‘पुस्तकी’ हा आरोप मिटेल. १९८९ साली विदर्भातल्या एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात लेफ्ट फिल्डकडून, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाकडून, थ्रो येत होता आणि मी गुडघा रेषेवर आडवा टाकून बसलो होतो. समोरच्या संघातल्या मुलाने स्लाईड घेतली, म्हणजे तो घसरत प्लेटकडे आला, त्याचा पाय माझ्या पॅडमध्ये अडकला, बॉल त्यानंतर आला आणि मी टॅग केला. पंचांनी बाद दिले, आमच्या संघाने मला उचलून घेतले. त्या मुलाला दोघांनी धरून बाहेर नेले. पुढच्या डावात तो क्षेत्ररक्षणाला आला नाही. तेव्हा मला तो माझा उत्तम टॅग वाटला होता. कॅचरने कुठे उभे राहावे हे मला कोणी शिकवू नये, असे मी म्हणतो ते या कारणाने. तुम्हाला यातून उलटा अर्थ काढायचा असेल, तर तुम्ही काढालच.

बेसबॉलचा दाखला तर तुमच्याच विरुद्ध जातो. २०११ च्या मे महिन्यात होम प्लेटवरच्या धडकेत सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा कॅचर बस्टर पोझी याचा पाय मोडला आणि त्याचा उरलेला हंगाम गेला; २०१४ पासून अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलनेही बॉल हातात नसताना कॅचरने प्लेटची वाट अडवण्यावर आणि रनरने ठरवून कॅचरला धडकण्यावर बंदी आणली. सॉफ्टबॉलमध्ये तर बॉल हातात असलेल्या फिल्डरवर रनर उभ्याने जाऊन आदळली तरी ती बाद होते, आणि मुद्दाम केले असेल तर मैदानाबाहेर जाते. म्हणजे नियम फक्त रनरच्या बाजूचा आहे, हेही खरे नाही.

दोन पंचांचा मुद्दा हा आयोजकांचा आहे, नियमाचा नाही. त्यावर इथे चर्चा करण्यात अर्थ नाही.

आपण पुन्हा लिहिणार असाल तर कृपया खऱ्या नावाने लिहावे, आणि कोणत्या जिल्ह्याकडून, कोणत्या जागेवर खेळलात तेही कळवावे. मूळ लेखातला हात मी आज सकाळी डावा केला आहे. बाकी मजकूर होता तसाच ठेवला आहे.