शिस्त की दंडाची धास्ती?

‘इंग्रजांच्या काळी इस्पितळात खालचा स्टाफ शिस्तीत असायचा’ हे तुमच्या जुन्या इस्पितळांवरच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं. आमचे पणजोबा एका सिव्हिल हॉस्पिटलात ड्रेसर, म्हणजे जखमांची मलमपट्टी करणारे, होते. थर्मामीटर फुटला की पगारातून कापायचे, म्हणून ते तो मांडीवर उशी घेऊनच झटकत. रिटायर झाल्यावर घरीसुद्धा तसंच! याला शिस्त म्हणायचं तर म्हणा.

आणि धाक फक्त वरून खालीच होता असंही नाही. १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगात रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवू लागले तसे लोक बिथरले, गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. हलालखोर, म्हणजे मैला उचलणारे सफाई कामगार, मुंबई सोडून गेले तर शहराची सफाई कोण करणार, या भीतीने म्युनिसिपल कमिशनर स्नोसाहेबांनाच नियम सैल करावे लागले. त्याबद्दल लेखात एक ओळ नाही.