घोडा कुठल्या बाजूने गेला?

"सोय झालीय," असं आमचे नंदोई म्हणाले की घरातल्या बायका मुकाट्याने पिशवीत जास्तीची बिस्किटं भरायला लागतात. त्यांच्या सोयीने आम्ही एक लग्न मांडवाच्या मागून पाहिलंय आणि एक नाटक खांबाआडून ऐकलंय. यंदाची सोय चांदोबाच्या लिंबाची होती. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण, लोणंद आणि तरडगावच्या मधे. ऐन रस्त्यालगत ओळखीच्या माणसाची ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असणार, ट्रॉलीत सतरंजी, सतरंजीवर आपण. "आई मस्त मांडी घालून घोडा बघतील," इति नंदोई. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मांडी घालता येणं बंद होऊन जमाना झाला. पण जावयाच्या बोलण्यात दुरुस्ती करायची पद्धत आमच्याकडे नाही.

सासऱ्यांचा विरोध तात्त्विक होता. "उभ्या रिंगणात काय दिसतं? दोन्हीकडे माणसं, मधून घोडा, सूंऽऽ करून गेला, संपलं. बघायचं तर गोल. पुरंदवड्याला जा, खुडूसला जा. मोठं मैदान असतं, घोडा फेऱ्या मारतो. या फेरीत चुकला तर पुढच्या फेरीत सापडतो." मुद्दा बिनतोड होता. पण माळशिरस तालुका लांब आणि ट्रॉली तरडगावची, म्हणून तो बहुमताने फेटाळला गेला. मग वन्संनी त्याहून आकर्षक सूचना मांडली, की तुकोबांच्या पालखीला काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण असतं, तिथे जाऊ, मेंढ्या पुष्कळ असतात, निदान एक तरी दिसेल. मला आजही वाटतं, त्या दिवशी घरात बोललं गेलेलं एकमेव शहाणपणाचं वाक्य तेच होतं.

पुण्याहून लवकर निघायचं ठरलं होतं, म्हणजे साडेदहाला निघालो. एका गाडीत आठ जण. मधल्या सीटवर मी, वन्सं आणि आई, माझ्या मांडीवर धाकटा, धाकट्याच्या मांडीवर बिस्किटं. पुढे बाबा, म्हणजे सासरे. हायवेला लागल्याबरोबर त्यांनी हैबतबाबा काढले. हैबतबाबा आरफळकर, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पदरी होते, पालखीला आजचं रूप त्यांनी दिलं, घोडे येतात ते अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. "अंकली कुठे? बेळगाव जिल्हा! तिथून ते अश्व चालत आळंदीला येतात. चालत! तीनशे किलोमीटर! आणि आपल्याला एसी लागतो." हे ते एसीची झडप स्वतःकडे वळवून सांगत होते. शिरवळला लोणंदच्या रस्त्याला वळलो तेव्हा हैबतबाबा अजून ग्वाल्हेरलाच होते, आणि धाकट्याला मळमळायला लागलं होतं.

पुढे पोलिसांनी गाडी अडवली. नंदोयांनी काच खाली करून ट्रॉलीवाल्याचं नाव सांगितलं. पोलिसाने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडी शेतात लावायला सांगितली. ट्रॉलीवाल्याला फोन लागेना, कारण एवढ्या गर्दीत कुणाचाच लागत नव्हता. "चालत दहा मिनिटं," नंदोई म्हणाले. त्यांच्या दहा मिनिटांत मी एकदा बारावीचा पेपर सोडवू शकले असते.

चालताना मात्र मजा आली, हे कबूल करायला हवं. पुढे दोन वारकरी बायका धुतलेलं लुगडं दोन टोकांना धरून चालल्या होत्या. वाऱ्याने लुगडं फुगत होतं, वाळत होतं, आणि त्यांच्या गप्पा त्याच्या वरून चालू होत्या, कुणाच्या तरी सुनेबद्दल. आईंनी आपोआप वेग वाढवून त्यांना गाठलं. गुडघेदुखीवर सुनेचा विषय इतका गुणकारी असतो हे ऑर्थोपेडिकवाल्यांनी नोंदवून ठेवावं.

ट्रॉली सापडली. खरोखरच होती, ऐन रस्त्यालगत होती, आणि सतरंजीही असावी. पण तिच्यावर आधीच अख्खं गाव चढलं होतं. ट्रॉलीवाले दिलदार माणूस. "या की पाव्हणं! या वर! लई जागा हाय!" असं ते स्वतः ट्रॉलीच्या फाळक्याला एका पायाने लटकून सांगत होते. नंदोयांनी दोनदा चढायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी वरून कुणीतरी त्यांच्या हातात एक रडकं मूल दिलं, धरा म्हणून. ते मूल पुढचा पाऊण तास त्यांच्याकडेच होतं.

आम्ही रस्त्याच्या कडेला, म्हणजे कडेच्या कडेच्या मागे, उभे राहिलो. पुढे टाळकरी, विणेकरी, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका, पताका, पताकांच्या मधे मोबाइल, मोबाइलच्या मधे आकाश. रथापुढच्या सत्तावीस दिंड्या, मागच्या त्याहून कितीतरी जास्त, सगळ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागत होत्या आणि चोपदार मधून वाट मोकळी करत होते. एवढ्या माणसांना एका हाताच्या इशाऱ्यावर मागे सरकताना मी प्रथमच बघितलं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हा गृहस्थ मिळाला तर पार्किंगचा प्रश्न एका संध्याकाळी सुटेल.

धाकटा बाबांच्या हाताला लोंबकळत होता. "आजोबा, घोडे किती?"

"दोन. एकावर झेंडा घेऊन स्वार बसतो. दुसऱ्यावर कुणी बसत नाही."

"का?"

"त्यावर माउली असतात."

"दिसतात?"

"दिसत नाहीत, पण असतात."

त्याने पुढच्या माणसाच्या पाठीकडे जरा वेळ बघितलं. "आजोबा, मला घोडापण दिसत नाहीये. म्हणजे तोपण आहे ना?"

शेजारचे एक वारकरीबाबा इतके हसले की त्यांनी टाळ गळ्यात टाकून पोराला उचललं आणि सरळ खांद्यावर घेतलं. आमच्या कुटुंबातला एक सदस्य अशा रीतीने मार्गी लागला. त्याच वेळी थोरलीने विचारलं, "आजी कुठेय?"

आजी नव्हती. लुगडंवाल्या बायकाही नव्हत्या. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, जणू मी त्या पर्समध्ये ठेवून विसरले. वन्सं "आईऽऽ" करून ओरडल्या तर आजूबाजूच्या दहा-बारा बायकांनी मागे वळून बघितलं. फोन लागत नव्हताच. बाबा तेवढे निर्धास्त होते. "वारीत कोणी हरवत नाही," असं म्हणून ते चवड्यांवर उभे राहून घोडा शोधू लागले.

आणि मग टाळ-मृदंग असा वाढला की पायाखालची खडी कापायला लागली. "आला, आला!" सगळे हात वर. मी डावीकडे बघत होते, कारण नवऱ्याने डावीकडून येणार म्हणून सांगितलं होतं. मला एक तांबूस कान दिसला. कान उजवीकडून आला आणि डावीकडे गेला. मागोमाग पताकेचं टोक, थोडी धूळ. मग घोडे रथाशी जाऊन, दर्शन घेऊन परत फिरले, तेव्हा मी शहाणी होऊन उजवीकडे बघत होते आणि समोरच्या गृहस्थांनी नेमका टॅबलेट वर केला. त्यांच्या टॅबलेटवर मला घोडा छान दिसला. धावताना, पूर्ण, चारही पायांसकट.

नवऱ्याला शेपूट मिळालं. वन्संना स्वाराचा फेटा. नंदोई मुलाला झोपवत होते. धाकट्याने खांद्यावरून सगळं पाहिलं असणार, पण खाली उतरल्यावर त्याला फक्त एवढंच सांगायचं होतं, की एका माणसाकडे कुल्फी होती.

घोडा गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला गर्दी आत घुसली आणि त्या गर्दीतच आई दिसल्या. थेट पहिल्या रांगेत. कपाळभर माती, केस सुटलेले, पदर खोचलेला, आणि लुगडंवालीच्या हातात हात अडकवून फुगडी. फुगडी! जिन्याच्या चार पायऱ्यांना ज्या गुडघ्यांना लिफ्ट लागते तेच हे गुडघे. मला बघून त्या थांबल्यासुद्धा नाहीत. नुसतं ओरडल्या, "अगं, माझी पिशवी धर!"

"तुम्हाला पुढे कोणी सोडलं?" मी नंतर विचारलं.

"सोडायचं काय त्यात? त्यांनी हात धरला, मी गेले. तुम्ही सोय शोधत बसलात."

नंदोयांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं. ते त्या वेळी मुलाचे आईबाप शोधत होते. आईबाप ट्रॉलीतच होते, निवांत, सतरंजीवर.

परतीला गाडी शेतातून बाहेर निघायला रात्र झाली. वाटेत नंदोयांनी खुडूसच्या गोल रिंगणाचा विषय काढला, तिथे म्हणे त्यांच्या ओळखीत कुणाची तरी गच्ची आहे. कुणी उत्तर दिलं नाही. आईंनी फक्त मलमाची ट्यूब मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका पेपर घ्यायला आले तेव्हा बाबा दारात उभे राहून सांगत होते, "काय वेग होता हो! अगदी दोन हातांवरून गेला!"

आतून, पलंगावरून, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या आई ओरडल्या, "कुणाच्या हातांवरून?"