कन्सोल कंपनीला सल्ला देण्यापूर्वी

आपले वय चाळिशीच्या आसपास असेल, लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या वाड्यात टीव्हीला वायर जोडून आपण मारिओला उड्या मारायला लावल्या असतील, आणि रात्री अकरानंतर सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाता खाता वाद घालण्याइतकी पचनशक्ती आज शाबूत असेल, तर जपानमधल्या क्योतो शहरातल्या, कन्सोल म्हणजे व्हिडिओ गेमची यंत्रे बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीने पुढे काय करावे हे ठरवण्यास आपण सर्वस्वी पात्र आहात. ही कंपनी १८८९ पासून धंद्यात आहे आणि हानाफुदा नावाचे पत्ते बनवण्यापासून तिने सुरुवात केली, या तपशिलाने दबून जाऊ नये. इंदूरच्या मराठी माणसाला तर दबण्याचे काहीच कारण नाही. १७६१ मध्ये मल्हाररावांचे ऐकले असते तर पानिपतावर काय झाले असते, हे आपण पिढ्यान्पिढ्या सदाशिवरावभाऊंना समजावत आलो आहोत. क्योतोचे संचालक मंडळ निदान हयात तरी आहे.

सर्वप्रथम आपल्या बालपणाची कागदपत्रे नीट लावून घ्यावीत. मूळ यंत्र जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम या नावाने आले. आपल्या घरी आले ते त्याची नक्कल होते. माझ्या पहिल्या ‘निन्टेंडो’विषयी मी अनेक वर्षे भक्तिभावाने बोलत असे; पुढे माळ्यावरून तो डबा काढला, तेव्हा त्यावर कोणाचेच नाव नव्हते. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले होते आणि आत खेळ जेमतेम पाच-सहा. बाकीच्या यादीत तोच मारिओ कधी दुसऱ्या पातळीपासून, तर कधी जरा जास्त वेगाने पुन्हा पुन्हा भेटत असे. त्या खरेदीतला एक पैसाही क्योतोला पोहोचला नसावा. म्हणून ‘आम्ही या कंपनीचे पस्तीस वर्षांचे ग्राहक आहोत’ हे वाक्य उच्चारताना ‘ग्राहक’ या शब्दावर फार जोर देऊ नये, ‘पस्तीस’वर द्यावा.

फुंकर मारल्याने कॅसेट चालू होत असे, हा सिद्धान्तही कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे आतला संपर्क जुळत असे आणि फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पिना गंजत असत, असे कोणी सांगू लागला, तर त्याने बालपण उपभोगलेलेच नाही असे समजून त्याच्या द्रोणातला एक तुकडा उचलावा.

आता अभिजात खेळ म्हणजे काय, याची व्याख्या. अभ्यासकांनी यावर उगाच डोके शिणवले आहे. आपण सातवीत असताना जो खेळ खेळत होतो तो अभिजात, धाकटा भाऊ सातवीत असताना आलेला तो बरा, आणि त्यानंतरचे सगळे म्हणजे पैसे उकळण्याचे साधन. या नियमाने १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा कळस ठरतो, आणि १९९८ चा ‘ऑकारिना ऑफ टाइम’, ज्यात त्रिमितीय जगात शत्रूवर नजर खिळवून लढायची पद्धत रुळली आणि ज्याचे अनुकरण पुढे कितीतरी खेळांनी केले, तो केवळ आपण तो खेळला नाही म्हणून वादाबाहेर राहतो. जुन्या खेळांच्या काठिण्याचा उल्लेख मात्र आवर्जून करावा. ‘आताच्या पोरांना सगळे आयते लागते’ हे म्हणताना, ते काठिण्य बऱ्याच अंशी नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांचा वारसा होते, खेळाडू लवकर मेला तरच पुढचे नाणे पडत असे, हे सांगू नये. आपण ‘काँट्रा’ पूर्ण केला तो वर वर, खाली खाली, डावे उजवे अशी बटणांची गुप्त खूण दाबून मिळालेल्या तीस जिवांच्या बळावर, हे तर अजिबातच सांगू नये.

धोरणाची चर्चा खरी रंगते ती काळाच्या योग्य वापराने. यंत्र बाजारात येण्यापूर्वी ‘आता ही कंपनी संपली’ असे म्हणावे आणि ते खपल्यावर ‘मी तेव्हाच म्हटले होते’ असे म्हणावे. दोन्ही वाक्यांमध्ये किमान दोन वर्षांचे अंतर असले की ऐकणारे बदललेले असतात. २००६ मध्ये निन्टेंडोचे वी (Wii) हे यंत्र आले, तेव्हा त्याची ताकद प्रतिस्पर्ध्यांपुढे अगदीच तोकडी होती आणि नावाचीही थट्टा झाली. ते दहा कोटींहून अधिक खपले. त्यानंतरच्या, २०१२ च्या वी यू या यंत्राला दीड कोटीचाही आकडा गाठता आला नाही, आणि २०१४ मध्ये कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. निन्टेंडोने आता यंत्रे बंद करून सेगा या जुन्या प्रतिस्पर्धी कंपनीसारखे फक्त खेळ बनवावेत, असा सल्ला जगभरातून मिळू लागला, कारण सेगाने २००१ मध्ये ड्रीमकास्ट हे आपले यंत्र गुंडाळले होते आणि इतरांचे दुःख सल्ल्यात वापरायला सोपे जाते. मग २०१७ मध्ये निन्टेंडोचे स्विच हे यंत्र आले आणि पंधरा कोटींच्या पुढे गेले. एवढ्या वर्षांत सराफ्यातल्या आमच्या बाकावर एकही माणूस चुकीचा ठरला नाही.

निन्टेंडोची यंत्रे घडवणारे गुनपेई योकोई यांचे तत्त्वही पाठ असू द्यावे. जुने, स्वस्त झालेले तंत्र घेऊन त्याचा नवा उपयोग शोधायचा, असा त्यांचा आग्रह होता. १९८९ च्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्राचा पडदा हिरवट आणि मिणमिणता होता, पण तो चार सेलवर कितीतरी तास चाले. पुढच्याच वर्षी आलेला सेगाचा रंगीत गेम गियर सहा सेल चार-पाच तासांत फस्त करत असे. प्रवासाला निघालेल्या पोराच्या बापाने काय घ्यावे, हे वेगळे सांगायला नको. त्याच योकोईंचे १९९५ चे व्हर्च्युअल बॉय फक्त लाल रंगात दिसत असे आणि ते सपशेल आपटले. यंत्र खपले तर या तत्त्वाला दूरदृष्टी म्हणावे, आपटले तर कंजूषपणा.

एका बाबतीत मात्र, सल्ला देण्याच्या भरात, आपले म्हणणे चुकून बरोबर निघण्याचा धोका आहे. ही कंपनी आपल्याच जुन्या खेळांना वागवते ते पाहून माझाही आवाज चढतो. तीन जुने मारिओ खेळ एकत्र करून तिने २०२० मध्ये विकायला काढले आणि ३१ मार्च २०२१ नंतर विक्री थांबवली, जणू वर्षअखेरीला मिशीवाल्या प्लंबर मारिओचाही हिशेब बंद करायचा होता. जुन्या यंत्राची छोटी प्रतिकृती २०१६ मध्ये काढली, लोक रांगा लावत असतानाच काही महिन्यांत उत्पादन बंद केले आणि २०१८ मध्ये पुन्हा आणली. २७ मार्च २०२३ रोजी तर दोन जुन्या यंत्रांवरची खेळांची ऑनलाइन खरेदीच बंद झाली. येथे आपण ‘वारसा’, ‘जतन’, ‘सांस्कृतिक ठेवा’ असे शब्द मुक्तपणे वापरावेत. फक्त तो ठेवा आपल्या लॅपटॉपमध्ये नेमका कोठून आला, हा विषय निघाला की चहा मागवावा.

किमतीवर मात्र बेधडक बोलावे. २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ बरोबर आलेल्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ची अमेरिकेतली किंमत ऐंशी डॉलर आहे, ही लूट आहे. नव्वदच्या दशकात खेळांच्या कॅसेटी तेथे साठ-सत्तर डॉलरला विकल्या जात आणि तेव्हाचा डॉलर आजच्यापेक्षा बराच जड होता, असे कोणी म्हटले, तर तेव्हा आपल्याला कॅसेट बापाने आणून दिली होती, हे उत्तर पुरेसे आहे.

शेवटी कधीतरी आपला पुतण्या, ज्याचे सगळे खेळ फोनवरच असतात, आपल्या हातात कंट्रोलर देऊन ‘काका, तुम्ही खेळून दाखवा ना’ असे म्हणेल. पहिली पातळी, पहिलेच तपकिरी भूत चालत येईल आणि आपण त्याच्यावर आपटून मराल. अशा वेळी नव्या टीव्हीत बटण दाबल्यावर चित्र उमटायला उशीर लागतो, जुन्या डबा टीव्हीत तो जवळजवळ नसे, असे शांतपणे सांगावे. सुदैवाने हे खरेही आहे. त्याच टीव्हीवर तोच पुतण्या पुढे चौथ्या पातळीपर्यंत गेला, तर चर्चा तातडीने कंपनीच्या धोरणाकडे वळवावी.