“दीड महिना तीनच सूर” या तक्रारीला क्लासचं उत्तर

नमस्कार,

आमच्या क्लॅरिनेट क्लासवरचा तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. दोन स्टार दिलेत आणि कारणंही मोकळेपणानं लिहिलीत. दीड महिना बी, सी शार्प आणि डी शार्प या सुरांपुढे जाऊ दिलं नाही. आवडीचं गाणं मागितलं तर “आधी करंगळ्या” असं ऐकावं लागलं. वहीत सुरांखाली ‘डा’ (डावी करंगळी) आणि ‘उ’ (उजवी करंगळी) लिहून पोपटपंची करून घेतली. क्लासनं दिलेलं क्लॅरिनेट चिरकतं. आणि ओळखीच्या एका वादकानं “बोट घसरवा, सगळे तसंच करतात”, म्हणजे करंगळी न उचलता एका कळेवरून दुसरीवर सरकवा, असा सल्ला दिला. तुमच्यासारखे नुकतेच शिकू लागलेले इतरही हे वाचत असतील, म्हणून उत्तर इथेच देते.

आधी गाण्याबद्दल. तुम्ही पाठवलेला ट्रॅक डी मेजर या पट्टीत आहे. आपलं बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिलेल्या सुरापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतं, त्यामुळे ते गाणं तुम्हाला ई मेजरमध्ये वाजवावं लागतं. त्याचा मुखडा बी, सी शार्प, डी शार्प असा चढत ई वर जाऊन थांबतो. हे तीन सूर तुम्हाला गाण्यापासून लांब ठेवायला निवडलेले नाहीत. ते तुमच्याच गाण्यातून घेतले आहेत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

नेहमीच्या बोएम पद्धतीच्या (हे कळांच्या रचनेचं नाव) क्लॅरिनेटवर उजव्या करंगळीला चार कळा असतात, डावीला तीन. बी, सी आणि सी शार्प दोन्हीकडे मिळतात. डी शार्प मात्र फक्त उजवीकडे. तुम्ही क्लासला आलात तेव्हा बी डावीनं आणि सी शार्प उजवीनं वाजवायची सवय घेऊन आलात. मग डी शार्प आला की उजवी करंगळी आधीच अडकलेली, ती घसरवण्याशिवाय इलाज नाही. आणि घसरताना काय होतं ते सावकाश वाजवून ऐका: बोट सी शार्पची कळ सोडतं, डी शार्पच्या कळेवर अजून पोहोचलेलं नसतं, आणि तेवढ्यात मध्येच एक डी ऐकू येतो. करंगळ्या मोकळ्या असताना त्या बोटांवर डीच वाजतो. मुखडा “गढूळ वाटतो” असं तुम्हीच म्हणाला होतात. ते गढूळपण या न लिहिलेल्या डी चं आहे. श्वास किंवा रीड (तोंडाजवळची कंप पावणारी पट्टी) बदलून ते जाणार नाही.

म्हणून ‘डा’ आणि ‘उ’. ती खूण पाठ करायची नसते, शोधून काढायची असते. ओळीत डी शार्प कुठे आहे ते आधी बघायचं, तिथे ‘उ’ लिहायचं आणि मग उलटं मागे यायचं: डी शार्प उजवी, त्याआधीचा सी शार्प डावी, त्याआधीचा बी उजवी. पहिल्या सुरापासून पुढे जात बोटं ठरवली की फसगत होते, कारण अडचणीचा सूर शेवटी येतो आणि निर्णय सुरुवातीला घ्यायचा असतो. पुढच्या पानांवर या खुणा तुम्हाला स्वतः करायला सांगणार आहोत, तेव्हा हे पोपटपंची वाटणार नाही अशी माझी खात्री आहे.

बोट घसरवण्याला आमचा सरसकट विरोध नाही. दोन डी शार्पच्या मध्ये करंगळीचे सूर विषम संख्येनं आले तर आलटून पालटून बरोबर बसतं. सम संख्येनं आले, म्हणजे डी शार्प, बी, सी शार्प आणि पुन्हा डी शार्प, तर कुठे तरी एकाच करंगळीला लागोपाठ दोन कळा घ्याव्याच लागतात. डावीकडे जादा डी शार्पची कळ असलेली क्लॅरिनेटं मिळतात, पण शिकाऊ वाद्यांवर ती सहसा नसते. अशा जागी बोट घसरवायला आम्हीही शिकवतो. तुमच्या मुखड्यात तशी जागा नाही. वादक क्लोझे आणि वाद्य बनवणारे बुफे यांनी 1839 ते 1843 या काळात या वाद्याची रचना बसवली. करंगळीच्या कळा दोन्हीकडे देण्यामागे हे घसरणं टाळणं हाच हेतू होता. हाताशी असलेली सोय न वापरता तुम्हाला पुढे ढकलणं मला पटत नाही.

आता चिरकण्याबद्दल. नवशिक्यांच्या बाबतीत याचं मूळ बहुतेक वेळा करंगळीत नसतं, तिच्या शेजारच्या अनामिकेत असतं. ही दोन बोटं एकमेकांना ओढतात. करंगळी लांब केली की अनामिका केसभर उचलली जाते, भोक पूर्ण झाकलं जात नाही आणि सूर फाटतो. आरशासमोर उभं राहून, न फुंकता, नुसत्या करंगळ्या हलवून बघा. अनामिका हलताना डोळ्यांना दिसेल. अंगठ्याचा टेकू चुकीच्या उंचीवर असला तरी पंजा वाकडा होतो आणि करंगळीला कळ लांब पडते, तेही बघून घेऊ.

तरीही वाद्याबद्दल शंका असेल तर ती रास्त आहे, आणि पडताळा घरी करता येतो. उजव्या करंगळीनं लांब बी वाजवा. मग तोच बी वाजवताना डाव्या करंगळीनं सी ची कळही दाबून ठेवा. बी साठी खालची भोकं झाकणारे दोन्ही पॅड एकदम बंद व्हावे लागतात, त्यामुळे सी दाबल्यानं सूर बदलत नाही. सी दाबल्यावर बी स्वच्छ आला आणि एकट्यानं आला नाही, तर दोन पॅडना जोडणारा दुवा बिघडलाय आणि दोष वाद्याचा आहे. आम्ही ते लगेच बदलून देऊ. दोन्ही वेळा सारखाच चिरकला तर या दुव्यात दोष नाही, आधी अनामिका तपासा. आणि कळ जोरानं दाबल्यावरच सूर येत असेल तर अजिबात जोर लावू नका, तशी सवय लागली की करंगळी कायमची ताठ होते.

गेल्या तासाला तुमची बी, सी शार्प, डी शार्प, ई ही चढण सावकाश लयीत सलग आणि स्वच्छ आली. मध्ये डी ऐकू आला नाही. म्हणून पुढच्या तासाला मुखडा घेऊ. वाद्याची पेटी आणि ट्रॅक दोन्ही घेऊन या. सुरुवातीला ट्रॅक न लावता, अर्ध्या लयीत वाजवू.