मागच्या सीटवर आई बसणार आहे

गेल्या रविवारी आईला घेऊन इलेक्ट्रिक गाडी बघायला गेले होते. शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण हे बऱ्याच ठिकाणी असंच चालतं. आई मागचं दार उघडून आत बसली, पाय पुरतात का बघितलं, छताला हात लावला आणि सेल्समनला विचारलं, "पुढं ते फुगे आहेत म्हणतोस, मागं काय आहे?"

सेल्समन मुलगा भला होता. "काकू, या व्हेरियंटला पुढच्या दोनच एअरबॅग. खिडकीवरून पडद्यासारख्या उघडतात त्या हव्या असतील तर वरचं व्हेरियंट घ्यावं लागेल." वरचं व्हेरियंट 1 लाख 40 हजारांनी महाग. त्यात सनरूफ, मोठा स्क्रीन, अलॉय व्हील्स. मला यातलं काहीच नको होतं. नुसत्या एअरबॅग मिळतील का, विचारलं. "नाही मॅडम, पॅकमध्येच येतं सगळं."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहिते.

आपल्याकडे एक वाक्य कायम ऐकू येतं. नियम कडक केले की गाडी महाग होते, आणि मग गरीब माणूस स्कूटरवरच राहतो. यात तथ्य आहे. एअरबॅगचा, सेन्सरचा खर्च 8 लाखांच्या गाडीला आणि 40 लाखांच्या गाडीला जवळपास सारखाच येतो, त्यामुळे छोट्या गाडीला तो जास्त टोचतो. इलेक्ट्रिकमध्ये तर बराचसा जीव बॅटरीतच अडकलेला, बाकीच्याला पैसे उरतात कुठे? हे सगळं मान्य. पण म्हणून सुरक्षा महागड्या व्हेरियंटलाच मिळावी, हे मला पटत नाही.

2022 चा उन्हाळा आठवा. इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ रोज फिरत होते, आपल्या पुण्यात धानोरीकडची एक स्कूटर भर रस्त्यात जळताना सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर केंद्राने बॅटरीचे नियम कडक केले. पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 पासून, दुसरा 31 मार्च 2023 पासून. दुचाकींसाठी एआयएस 156, मोटारींसाठी एआयएस 038, अशी या मानकांची नावं. बॅटरी ज्या छोट्या सेलची बनते त्यातला एक तापला तर शेजारचा पेटू नये, आत दाब वाढला तर तो बाहेर पडायला वाट हवी, धोका असेल तर गाडीने आधी इशारा द्यायला हवा. याचा खर्च आला, तो किमतीत मिसळला आणि विषय संपला. आज कुठल्याही शोरूममध्ये "सुरक्षित बॅटरी टॉप व्हेरियंटमध्ये मिळेल" असं कुणी सांगत नाही. ती सगळ्यांना मिळते, कारण ती सक्तीची आहे.

एअरबॅगचं तसं झालं नाही. कायद्याने पुढच्या दोन सक्तीच्या आहेत. सहाची सक्ती ऑक्टोबर 2022 पासून येणार होती, ती वर्षभर पुढे ढकलली आणि नंतर सोडूनच दिली. एक एअरबॅग साधारण 800 रुपयांना पडते, मग 15 हजार कसले लावता, असं गडकरींनी संसदेत विचारलं होतं. 800 चा आकडा मला फार कमी वाटतो, कारण सेन्सर आणि सीटमधले बदलही करावे लागतात. पण 2025 मध्ये अल्टो के10 च्या सगळ्या व्हेरियंटना सहा एअरबॅग आल्या तेव्हा किंमत वाढली ती जास्तीत जास्त 16 हजारांच्या आसपास. अल्टो पेट्रोलची आहे, पण हिशेब लागू पडतो. टाटाची पंच ईव्ही जानेवारी 2024 मध्ये 10.99 लाखांपासून आली तीच मुळी सगळ्या व्हेरियंटना सहा एअरबॅग घेऊन. मग माझ्या आईच्या डोक्याजवळच्या पडद्याचे 1 लाख 40 हजार कशाचे?

युरोपात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आणि वेगमर्यादा ओलांडली की सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. माझा मामेभाऊ स्टुटगार्टला असतो, तो त्या टुंग-टुंग आवाजाला वैतागतो. बंद करता येतो, पण पुढच्या वेळी गाडी सुरू केली की पुन्हा चालू. डासियाची स्प्रिंग ही तिथली स्वस्त इलेक्ट्रिक गाडी. आपल्याकडच्या क्विडचीच बहीण. 2021 मध्ये युरो एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या आपटून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या तिथल्या चाचणीत, तिला एकच स्टार मिळाला होता. 2024 च्या नव्या रूपात तिला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बसवावीच लागली. तरी तिची सुरुवातीची किंमत 20 हजार युरोंच्या आतच राहिली.

उलट उदाहरणही सांगते. बीवायडी या चिनी कंपनीची छोटी इलेक्ट्रिक गाडी सीगल चीनमध्ये 2023 ला 73,800 युआनला आली, म्हणजे 9 लाखांच्या आसपास. तीच डॉल्फिन सर्फ नावाने 2025 मध्ये युरोपात आली ती 22,990 युरोंपासून, म्हणजे दुपटीहून जास्त. यातलं सगळं सुरक्षेच्या माथी मारू नका. तिथला कर आहे, चिनी गाड्यांवरचं जादा आयात शुल्क आहे, गाडीची लांबीही वाढवलीय. पण त्या रूपाने युरो एनकॅपचे पाच स्टार मिळवले, हेही खरं.

खरंच स्वस्त हवी असेल तर फ्रान्समध्ये सिट्रोएन अमी आहे. वेग ताशी 45 किलोमीटर, एअरबॅग नाही, 14 वर्षांचं पोरही चालवतं. कायद्याने तिला मोटारच म्हणत नाहीत. हा सौदा मला प्रामाणिक वाटतो: वेग कमी, म्हणून सूट. आपल्याकडे वाळूजला बनणाऱ्या बजाजच्या क्यूट या छोट्या चारचाकीचा वर्गही याच विचाराचा. पण जी गाडी उद्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर शंभरने जाणार आहे, तिला ही सूट कशी द्यायची?

चीनमध्ये जुलै 2026 पासूनचा नवा नियम म्हणतो की सेल बिघडला तरी बॅटरीने आग धरायची नाही की स्फोट करायचा नाही. पूर्वी पेट घेण्याआधी पाच मिनिटं इशारा दिला तरी चालायचं. आपल्याकडचे बरेच सेल तिकडूनच येतात, त्यामुळे त्याचा फायदा आपल्यालाही होईल अशी आशा आहे. एअरबॅग मात्र आपल्यालाच मागाव्या लागतील.

गाडी अजून घेतलेली नाही. शनिवारी दुसऱ्या शोरूमला जातोय. आईने सांगून ठेवलंय, पुढे काय आहे ते तू बघ, मागे मी बसून बघते.