‘अटी मान्य केल्या होत्यात ना?’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पैसे मोजून घेतलेली डिजिटल वस्तू विकणाऱ्याला दूरवरून बंद करता येऊ नये, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया झोंबणारी आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अटींना ‘मान्य’ म्हणालात, आता रडगाणं कशाला? सर्व्हर फुकट चालत नाहीत, कुठलीही कंपनी ते जन्मभर चालवणार नाही. वस्तूंवरची डिजिटल कुलपं उघडी टाकली तर सुरक्षिततेचे तीनतेरा वाजतील. ज्याला पटत नाही त्यानं दुसऱ्याची वस्तू घ्यावी, बाजार बघून घेईल. आणि जाता जाता हेही, की हे मूठभर तंत्रज्ञांचं दुखणं आहे, सामान्य माणसाला त्याचं सोयरसुतक नाही.

तुमचा सगळा डोलारा अटींवर उभा आहे, तर तिथूनच सुरुवात करू. अटी कुणी वाचत नाही, हे मी म्हणणार नाही. समजा, शब्द न् शब्द वाचला. त्यात बहुतेक वेळा एक कलम सापडतं: या अटी आम्ही केव्हाही बदलू शकतो. मग नेमकं मान्य काय केलं? सोनीनं प्लेस्टेशन ३ हे खेळांचं यंत्र विकताना त्यावर लिनक्स ही खुली संगणक प्रणाली बसवता येते, हे त्या यंत्राचं वैशिष्ट्य म्हणून सांगितलं होतं. एप्रिल २०१० च्या अपडेटनं ती सोय काढून घेतली. अपडेट नाकारायची मोकळीक होती, पण नाकारलं की ऑनलाइन खेळणं बंद. दोन्हींचे पैसे आधीच दिलेले, आणि आता म्हणे दोन्हींतलं एक निवडा. याला संमती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय अटीत लिहिलंय म्हणजे विषय संपला, असं न्यायालयांनीही सरसकट मानलेलं नाही. बॉब्ज-मेरिल नावाच्या अमेरिकी प्रकाशकानं एका कादंबरीत छापलं होतं, की ही प्रत एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकली तर तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल. मेसीज या दुकानानं ती ८९ सेंटला विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९०८ साली निकाल लागला: प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाची सत्ता नाही. पुस्तकात काय छापलंय, यानं फरक पडला नाही. शंभर वर्षांनी सॉफ्टवेअर आलं आणि पारडं फिरलं. ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रती विकणाऱ्या एका माणसाला अमेरिकेच्या अपील न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं, की मूळ ग्राहकाला परवाना मिळाला होता, मालकी नाही, त्यामुळे पुढे विकता येणार नाही. दोनच वर्षांनी युरोपीय महासंघाच्या न्यायालयानं ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात जवळपास उलटं सांगितलं: पैसे घेऊन कायमचा परवाना दिला असेल तर ती विक्रीच, घेणारा तो पुढे विकू शकतो. त्याच न्यायालयानं २०१९ मध्ये ई-पुस्तकांना मात्र ही मुभा नाकारली. जिथे न्यायाधीशांचं एकमत नाही तिथे ‘मान्य’च्या बटणाला तुम्ही वेदवाक्य का मानता, हे मला कळलं नाही.

तुम्ही भाड्याच्या घराचा दाखला दिलात: परवाना म्हणजे भाडं, मालकानं सांगितलं की उठायचं. ठीक आहे, तोच धरू. भाडेकरूला मुदत ठाऊक असते, नोटीस मिळते, आणि निघताना स्वतःचं सामान नेता येतं. ॲमेझॉननं जुलै २००९ मध्ये किंडल या आपल्या ई-पुस्तक वाचण्याच्या यंत्रावरून ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ न विचारता पुसली, तेव्हा यातलं काय मिळालं? ज्यानं त्या प्रती ॲमेझॉनवर विकायला ठेवल्या त्याच्याकडे हक्कच नव्हते, हे खरं, आणि पैसेही परत दिले गेले. पण एका शाळकरी मुलानं त्या पुस्तकावर काढलेली टिपणं पुस्तकासोबत निकामी झाली, ती तर त्याची स्वतःची होती ना? (‘१९८४’मधली सत्ता नकोसा मजकूर पुसूनच टाकते. पुस्तकं नेमकी हीच असावीत, हा योगायोग कुठल्या कादंबरीकारानं रचला असता तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.) मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि विकलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. परतावा दिला, टिपणं काढलेल्यांना वर २५ डॉलर दिले. टिपणांची किंमत ठरली खरी, पण ठरवली विकणाऱ्यानं.

आता सर्व्हर. ते जन्मभर चालवा, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. धंदा बुडतो, कंपनी विकली जाते, माणसं कंटाळतात. बंद करा. पण तुमचा सर्व्हर बंद होणं आणि माझी वस्तू मरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सांगड वस्तू घडवणाऱ्यानं मुद्दाम घातलेली असते. रेव्हॉल्व्ह हे घरातले दिवे आणि यंत्रं चालवणारं ३०० डॉलरचं उपकरण होतं, ‘आजीवन’ सेवेच्या आश्वासनासकट विकलेलं. पुढे ती कंपनी नेस्ट या दुसऱ्या कंपनीनं घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. त्याच खोलीतला दिवा लावायला लागणारे रेडिओ त्या डबीत बसवलेले होते, तरी डबी निरुपयोगी झाली, कारण हुकूम लांबच्या सर्व्हरवरून यायचा.

याच्या शेजारी पेबल हे मोबाइलला जोडायचं स्मार्ट घड्याळ ठेवून बघा. कंपनी २०१६ च्या अखेरीस गुंडाळली गेली, तिचा बराचसा भाग फिटबिट या दुसऱ्या कंपनीनं घेतला. पण दार लावण्यापूर्वी मोबाइल ॲपमध्ये बदल करून कंपनीच्या सर्व्हरवरचं अवलंबन कमी केलं गेलं. जून २०१८ मध्ये सर्व्हर थांबले तेव्हा रेबल या नावानं जमलेल्या वापरकर्त्यांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले आणि घड्याळं चालू राहिली. फिटबिट गूगलकडे गेल्यावर जानेवारी २०२५ मध्ये घड्याळाच्या प्रणालीचा बराचसा सोर्स कोडही, म्हणजे ती ज्यातून घडते तो मूळ मजकूरही, खुला झाला. यात कुणी कंगाल झालं नाही. आयडी सॉफ्टवेअरनं ‘डूम’ या खेळाचा कोड १९९७ मध्येच सगळ्यांना दिला होता, खेळ तेव्हा चार वर्षांचा होता. माझी मागणी इतकीच आहे: जाताना किल्ली ठेवून जा. ती कुणी वापरली नाही तरी चालेल.

तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात दमदार मुद्दा सुरक्षिततेचा. दुरुस्ती न होणारं जुनं उपकरण नेटवर्कवर ठेवणं हा फक्त मालकाचा प्रश्न नसतो, हे पटतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई या मालवेअरनं (घातक सॉफ्टवेअरनं) कॅमेरे आणि राउटर वेठीला धरून डिन या वेबसाइटांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला चढवला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडखळल्या. पण हे उदाहरण कुणाच्या बाजूचं आहे? त्या उपकरणांना कारखान्यातूनच ठरावीक पासवर्ड दिलेले होते, आणि कित्येकांत ते मालकाला बदलताही येत नव्हते. कंपनीनं लक्ष काढून घेतल्यावर उपकरण सुधारण्याची इच्छा आणि अक्कल असलेली माणसं असतात, त्यांना आत शिरता येत नाही. जिथे येतं तिथे काय होतं, तेही पाहिलेलं आहे. लिंक्सिसच्या एका राउटरमध्ये लिनक्स होतं. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतं, त्यात पुढे देताना सोर्स कोडही द्यावा लागतो. त्यानुसार २००३ मध्ये कंपनीला तो द्यावा लागला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली उभी राहिली. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या कितीतरी राउटरना आजही त्यातूनच अपडेट मिळतात.

आणि कुलूपच धोका ठरल्याची उदाहरणं? सोनी बीएमजीनं २००५ मध्ये गाण्यांच्या सीडींवर नकलेला आळा घालणारं सॉफ्टवेअर टाकलं. ते संगणकात लपून बसायचं, आणि त्या लपण्याच्या युक्तीचा फायदा इतर मालवेअरनंही घेतला. ज्यांनी सीडी विकत घेतली त्यांना हा प्रसाद. चोरून गाणी उतरवणारे सुखरूप.

त्यात कायदा कुलपाच्या बाजूनं उभा. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्याच्या १२०१ कलमानुसार डिजिटल कुलूप फोडणं हाच गुन्हा ठरू शकतो, मग आतली वस्तू तुमच्या मालकीची का असेना. दर तीन वर्षांनी सवलती मागायच्या, आणि मिळाल्या तरी कुलूप उघडायचं साधन इतरांना देण्याची सवलत त्यात नसते. प्रत्येकानं आपापली हत्यारं स्वतः घडवावीत, अशी बहुधा अपेक्षा असावी. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं ६५अ कलम त्या मानानं शहाणं आहे: त्यात कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू असावा लागतो.

‘मूठभर तंत्रज्ञां’बद्दल थोडंच लिहितो. युबिसॉफ्टनं ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर मार्च २०२४ मध्ये बंद केले, विकलेले खेळ ठप्प झाले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या युरोपातल्या नागरिक-मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. हे सगळे तंत्रज्ञ असतील तर तंत्रज्ञांची मूठ फारच मोठी म्हणायची. पण मला त्याहून आर्गस २ वापरणारे लोक आठवतात. दृष्टी गेलेल्यांच्या डोळ्यांत बसवायचं हे उपकरण जगभरात साडेतीनशेहून अधिक जणांना बसवलं होतं. बनवणारी सेकंड साइट २०२० मध्ये दिवाळखोरीच्या काठावर पोचली, आणि डोळ्यात बसवलेल्या यंत्राला वाली उरला नाही. ‘दुसऱ्याचं घ्या’ हे त्यांना सांगून बघा.

राहता राहिला बाजार. मासिक वर्गणीच्या सेवांबद्दल आपलं भांडण नाही. वर्गणी थांबली, सेवा थांबली, व्यवहार चोख. विकत घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत मात्र ग्राहकानं निवड करायची कशाच्या आधारावर? दोन कॅमेरे शेजारी ठेवले तर कुठला तीन वर्षांत मरेल, हे खोक्यावरून कळत नाही. ब्रिटननं एप्रिल २०२४ पासून उत्पादकांना सुरक्षा-अपडेट किमान केव्हापर्यंत देणार, हे जाहीर करायला लावलंय. कॅलिफोर्नियात २०२५ पासून डिजिटल वस्तू विकताना हा फक्त परवाना आहे, हे स्पष्ट सांगावं लागतं. यानं कुणाचा सर्व्हर चालू राहत नाही, कुठलं कुलूप उघडत नाही. फक्त घेणाऱ्याला आधी कळतं. माझ्या बाकीच्या मागण्या तुम्हाला अतिरेकी वाटत असतील तर वाटोत, पण बाजारावर तुमचा इतका विश्वास असेल, तर एवढ्यालाही तुमची हरकत का, हे पुढच्या प्रतिक्रियेत जरूर लिहा.